भीमगीतांचा दौरा : सूर, डीपी आणि अर्थिंग

(दृश्य : कपाशीचं उलंगलेलं वावर, रस्त्यावर वाद्यांचा टेम्पो)

१४ एप्रिलला सुरुवात, ती थेट बुद्धपौर्णिमेपर्यंत. सगळ्याच गावांना १४ तारखेला गाण्याची पार्टी (गायक-वादकांचा संच) मिळत नाही, म्हणून वणी, वरोरा, चिमूरकडच्या खेड्यांत जयंती पुढे पुढे सरकते आणि गायक-वादक भर उन्हाळ्यात गावोगाव फिरत राहतात.

दुपारचे ४. टेम्पोतून ढोलकी आणि बेंजो उतरतात, दोन्ही बेसूर. उन्हानं ढोलकीची पुडी (तोंडावरचं चामडं) वाळून ताणते, तिचा सूर चढतो. बेंजोची तार तापून सैलावते, तिचा उतरतो. हार्मोनियम जागेवर जुळवता येत नाही, म्हणून कीबोर्डच तिच्या सुराला आणतात आणि मग बाकीचे त्याला धरून सूर लावतात. प्रवासात ढोलकीच्या, पुडी ताणणाऱ्या कड्या सैल ठेवायच्या. वरून ओलं गोणपाट चालतं, पण ते शाईला (पुडीवरच्या काळ्या लेपाला) टेकू द्यायचं नाही. भिजलेल्या शाईच्या खपल्या निघतात. रात्री हवा निवली की पुडी पुन्हा उतरते. निवेदक बोलतोय तेवढ्यात ढोलकीवाल्याचा अंगठा बघा : कडी अर्धा बोट सरकली, थाप पडली, परत सरकली.

(दृश्य : मंडपामागे डीपी, म्हणजे वीज वाटणारी पेटी, पिळून जोडलेल्या वायरी)

खरा कार्यक्रम इथं ठरतो. कूलर, हॅलोजन आणि साउंड एकाच न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर), आणि तो न्यूट्रल नुसता पिळलेला. तो सुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिथला दाब २३० वरून ४०० व्होल्टच्या दिशेनं चढतो. कमी लोड बहुधा कीबोर्डच्याच फेजवर असतो. म्हणून आधी मीटर लावायचा : फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मगच मिक्सरची पिन.

आता ही अर्थिंगची सळई. काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते. सळई भेगेत गेली तर ती मातीला टेकतच नाही, आणि कोरडी माती करंट घेत नाही. भेग टाळून ठोकायची, बुडाशी मीठ टाकायचं, बादलीभर पाणी मुरू द्यायचं, तासाभरानं पुन्हा एक. जनरेटर असला तरी अर्थिंग लागतंच. गाणाऱ्याच्या ओठाला माइकवर मुंग्या येतात त्या इथल्या कसरीमुळे, आणि तिथून जीव जायला वेळ लागत नाही.

पार्टीचं मानधन, मंडप, जेवण यांवर कमिटीची बैठक होते. वायरमनचं नाव मात्र कुणी काढत नाही. ते सुपारीच्या, म्हणजे कार्यक्रम ठरवण्याच्या वेळीच ठरायला हवं.

रात्री १० नंतर भोंगा बंद, हा नियम. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. तो दिवस आपल्या तारखेला आहे का, हे ठाण्यात आधीच विचारावं. उन्हामुळे माणसं जेवून ८ नंतरच जमतात. वायरिंग ७ ला तपासून झालं, तरच वंदनेनंतर गाण्यांना दीड तास मिळतो.