खांबावरचं झाड आणि कोपऱ्यातली नोटीस

नमस्कार मंडळी! पुण्यात उड्डाणपुलांच्या खांबांवर चित्रं असतात बघा. हिरवं झाड, हसरी पृथ्वी, खाली ‘पर्यावरण वाचवा’. चित्रं छानच आहेत. पण कुणी प्रदूषण करत असेल तर तक्रार कुठे करायची? त्याबद्दल अवाक्षर नाही. जाहिरात आपल्याला कर्तव्यं शिकवते, हक्क मात्र गिळून टाकते.

खरं तर १९९१ साली पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सरकारला बजावलं होतं: थिएटरात प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या किमान दोन स्लाइड दाखवा, रेडिओ-दूरदर्शनवर वेळ द्या, कॉलेजात हा विषय सक्तीचा करा. आपण कसाबसा काढलेला तो पर्यावरणाचा पेपर? त्याचं मूळ इथे आहे.

आता गणपतीत उपयोगी पडेल असं सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार लाउडस्पीकरला रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आणि रात्रीचे निर्बंध मोडले असतील तर तक्रारीसाठी तुम्ही डेसिबल मोजून न्यायची गरज नाही! मोबाइलवरच्या ॲपचे आकडे दाखवत पोलिसांशी वाद घालणाऱ्यांनो, ऐकताय ना?

पण मला जास्त खटकते ती जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकून घेणारी सभा. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी हवी असेल, तर २००६ च्या अधिसूचनेनुसार बऱ्याच प्रकल्पांसाठी ही सुनावणी घ्यावीच लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवस आधी नोटीस देतं, एका मराठी पेपरातसुद्धा. ती कुठल्या पानावर, कुठल्या कोपऱ्यात, ते तुम्हीच शोधा. आणि या सुनावणीला कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागत नाही. मांडवात चार डोकी असली तरी सुनावणी ‘झाली’! त्याच प्रकल्पाची जाहिरात मात्र पहिल्या पानावर, पूर्ण रंगीत. म्हणून नोटिशीचं ते कात्रण सोसायटीच्या ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी.

आणि हो, पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ आपल्या पुण्यातच आहे. गुजरात-गोव्याची माणसं इथे येतात. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये, वकील नसला तरी चालतं. फक्त वादाचं कारण पहिल्यांदा घडलं, तिथपासून ६ महिन्यांत अर्ज जायला हवा. म्हणून फोटो काढाल तेव्हा तारखेसकट काढा.