दांडा सोडता आला पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात संक्रांतीला स्लॅबवर चढलेल्या पोट्ट्यांना एक गोष्ट न शिकवता येते. वारा चढला की चक्री घट्ट धरायची आणि मांजा ओढायचा. मीही तेच करत मोठा झालो. आज ज्या पतंगीबद्दल बोलणार आहे, तिच्यापाशी हीच सवय जीवावर बेतते.

माझा भाचा चेन्नईत नोकरीला आहे. गेल्या जानेवारीत आम्ही रामेश्वरला गेलो. दर्शन झाल्यावर तो मला जवळच्याच एका किनाऱ्यावर घेऊन गेला. तिथं काइटसर्फिंग चालतं. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, त्याला २० ते २५ मीटर लांब दोऱ्या आणि वर ९ ते १२ चौरस मीटरची कापडी पतंग. वारा पतंगीला ओढतो, पतंग माणसाला पाण्यावरून नेते. पतंगीच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते, म्हणून पाण्यात पडली तरी ती तरंगते आणि पुन्हा उठवता येते. हवेच्या नळीची ही कल्पना फ्रान्समधल्या लगेन्यू बंधूंची, १९८४ सालची. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला.

पतंग चालवायला हातात एक दांडा असतो, त्याला ते बार म्हणतात. बार आपल्याकडं ओढला की पतंगीचा जोर वाढतो. सोडला की कमी होतो. मी उभा होतो तेव्हाच एका नवशिक्या पोराला झोत लागला. घाबरून त्यानं बार छातीशी धरला आणि वाळूवरून फरफटत गेला. शिकवणारा ओरडत होता, सोड, सोड! त्यानं सोडला तेव्हा पतंग शांत झाली. पोराचे गुडघे सोलले होते, बाकी धडधाकट होता. भाचा म्हणाला, "मामाजी, इथं सोडाच लागते. आपल्या हातानं ओढायची सवय जाईपर्यंत मले पाण्यात जाऊच नाही देल्लं." बार सोडूनही भागलं नाही तर पोटापुढं लाल खटका असतो. तो दाबला किंवा ढकलला की पतंगीचा जवळजवळ सगळा जोर निघून जातो. डोळे मिटून तो सापडला पाहिजे, इतका सराव करून घेतात.

मग भाच्याची पतंग उतरवायला मीच उभा राहिलो. पतंग वर असताना जितकी काळजी, तितकीच उतरवताना. त्यानं हाताचा पंजा डोक्यावर थोपटला, म्हणजे उतरायचं आहे. मी अंगठा वर केला. त्यानं पतंग सावकाश वाऱ्याच्या कडेला आणून जमिनीलगत आणली. मी नळी मधोमध दोन्ही हातांनी धरली आणि चार पावलं त्याच्याकडं गेलो, तेव्हा दोऱ्या सैल पडल्या. दोरीला हात लावायचा नाही, ताणलेली दोरी बोटं कापते. माणूस आणि पतंग यांच्या मधून जायचं नाही. खाली ठेवताना नळी वाऱ्याकडं करायची आणि कापडावर वाळू टाकायची.

हे सगळं रिकाम्या किनाऱ्यावर. शहरातल्या चौपाटीवर लेकरं, फुगेवाले, विजेचे खांब आणि मागं उंच इमारती असतात. इमारतींना अडून वारा तुटक होतो, आत्ता मंद, आत्ता झोत. पतंग उतरवायची जागा तिथं मिळत नाही, म्हणून चौपाटीवरच हा खेळ खेळायचा हट्ट मला चुकीचाच वाटतो. वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहत असेल तर पाण्यात मुळीच उतरू नये. तो माणसाला आत नेतो. आपण विहिरीत, तलावात पोहायला शिकलेली माणसं. तिथं चार हात मारले की काठ येतो. समुद्रात तसं नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. चेन्नईत अड्यार आणि कूवम या नद्या शहराचं सांडपाणी घेऊन समुद्राला मिळतात. मुंबईत मिठी माहीमच्या खाडीत जाते. मोठा पाऊस झाला की नाल्यांतली घाण एकदम किनाऱ्यावर येते. भाचा त्यानंतर दोन-तीन दिवस पाण्यात जात नाही, पायाला जखम असेल तर त्याहूनही लांब राहतो. या खेळात माणूस आपटतो आणि पाणी तोंडात, नाकात जातंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार समुद्रस्नान आणि पाण्यातल्या खेळांसाठी १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू १०० च्या वर नसावेत. हे डोळ्यांना दिसत नाही. निवळ दिसणारं पाणीही बाधतं.

आपल्याला हे लांबचं वाटू नये. नागपूरची नाग नदी सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या जलाशयात थांबते. भाचा दिवाळीत विचारत होता, "मामाजी, गोसीच्या पाण्यावर उडवू का?" मी नाही म्हटलं. एक तर ते पाणी. शिवाय त्याखाली बुडालेली गावं आहेत, वर ढिवर बांधवांची जाळी आहेत आणि बुडणाऱ्याला काढायला तिथं नाव उभी नसते.

मग त्यानं दुसरं विचारलं. शिकण्यासाठी दोन-तीन चौरस मीटरची छोटी पतंग असते, ती जमिनीवरच उडवतात. गावातल्या पोरांना तीवर बार सोडायला शिकवू का? त्याला मी हो म्हणालो. धान कापून झालं आहे. विजेच्या तारांपासून आणि रस्त्यापासून लांबची एक मोकळी बांधी मी कालच पाहून ठेवली.