दुसऱ्या फाइलचं लाल शेपूट

[दृश्य: येळ्ळूरचं शिवार, मागे राजहंसगड]

बेळगावजवळचं येळ्ळूर. भाताच्या खाचरातला चमचाभर चिखल नळीत भरला, की पुढचं काम प्रयोगशाळेचं. त्यातल्या जिवाणूंचा डीएनए काढायचा, जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाच्या सुमारे ४६० बेसच्या (डीएनएची अक्षरं) तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या आणि वाचायला द्यायच्या. इल्युमिना कंपनीचं मायसेक हे डीएनए वाचणारं मशीन प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून वाचतं, तीनशे-तीनशे बेस.

[दृश्य: टिळकवाडीतली खोली, लॅपटॉपवर दोन आलेख]

म्हणून फाइली दोन, एकेका टोकाची एकेक. वाचन किती खात्रीचं ते आलेख दाखवतो: हिरवं चांगलं, लाल वाईट. पहिलीचा आलेख बराच वेळ हिरव्यात चालतो. दुसरीचा दोनशेच्या पुढे घसरतो तो थेट लाल पट्ट्यात. इथे पोरं हमखास घाबरतात: नमुनाच नासला! अहो, दोन्ही रीड (एका टोकाकडून केलेलं वाचन) एकाच तुकड्याचे. फरक पडतो तो मशीनच्या आत.

[दृश्य: फ्लो सेल, जवळून]

फ्लो सेल म्हणजे तुकडे चिकटवून वाचायची काचेची पट्टी. एक बाजू वाचून झाली, की तिच्यावरच तुकड्यांची उलटी प्रत तयार होते, आधीचा धागा कापून धुऊन टाकला जातो आणि मग दुसरी बाजू सुरू होते. सगळं मिळून सुमारे ५६ तास. तोवर प्रकाशाचा मारा शेकडो वेळा झालेला, रसायनं शिळी झालेली, शिवाय उलटी प्रत काही ठिकाणी कमीच बनलेली. पट्टीवर तुकड्यांचे पुंजके, म्हणजे क्लस्टर, असतात; एका क्लस्टरमध्ये एकाच तुकड्याच्या शेकडो प्रती. लेझीम पथकात दर पावलाला एकेक जण मागे पडत गेला तर ठेका फुटतो, तशा या प्रतीही मागेपुढे होतात आणि बेस ओळखायचे त्यांचे रंग एकमेकांत मिसळतात. पहिल्या रीडच्या शेवटीही हे होतंच. दुसऱ्यात लवकर होतं.

आलेखावरची ही खात्री क्यू-अंकात मोजतात: क्यू-३० म्हणजे हजारात एक बेस चुकायची शक्यता, क्यू-२० म्हणजे शंभरात एक.

[दृश्य: पडद्यावर छाटणीचे आकडे]

रीडच्या शेवटचे खराब बेस छाटून टाकतात. मग दोन्ही फाइली एकाच मापानं कशाला छाटायच्या? पहिली २८० बेसवर, दुसरी २२०वर. बेरीज ५००, म्हणजे मधे चाळीसेक बेस एकमेकांवर येतात आणि जोड बसतो. हौसेनं दुसरी १७०वर आणली, तर बेरीज ४५०. तुकड्याहूनही कमी! रीड चकाचक, पण जुळणार कुठे? आलेख हिरवागार करण्याच्या नादात हे फार घडतं. थोडं लाल शेपूट परवडलं.

दुसरी फाइल पहिल्याच बेसपासून लाल असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. उलटी प्रत नीट बनली नसेल, किंवा फ्लो सेलवर क्लस्टरांची दाटी झाली असेल. तिथे कात्री बाजूला ठेवायची आणि मशीन चालवणाऱ्यांकडून त्या रनचा, म्हणजे मशीनच्या त्या फेरीचा, तपशील मागून घ्यायचा.