सुगी सरते, शिंका सरत नाहीत

सुगी म्हटले की मराठी माणसाला पीक घरात येण्याचे दिवस आठवतात. जपानमध्ये मात्र सुगी हे एका सरळसोट वाढणाऱ्या सदाहरित वृक्षाचे नाव आहे, आणि त्याला बहर आला की परागांच्या ॲलर्जीमुळे निम्मा गाव तोंडाला मास्क लावून फिरतो.

फेब्रुवारीतली ही फांदी जवळून पाहा. टोकाशी गव्हाच्या दाण्याएवढे नरशंकू घोसांनी लगडले आहेत. झुळूक आली, की त्यांतून पिवळा धूर निघावा तसे पराग उडतात. एकेक कण सुमारे 30 मायक्रॉनचा असतो. नाकातल्या ओलाव्यात तो फुगतो, त्याचे कवच तडकते आणि आतली प्रथिने विरघळून बाहेर पडतात. त्यांतले ‘क्राय जे 1’ हे प्रमुख प्रथिन 1983 मध्ये वेगळे करण्यात आले. पेक्टिनचे विघटन करणाऱ्या विकरांच्या कुळातले ते आहे. पेरूची जेली धरते, ती याच पेक्टिनमुळे.

मार्च सरता सरता सुगीचा भर ओसरतो आणि हिनोकी या दुसऱ्या वृक्षाचे पराग हवेत येतात. त्यातील ‘चा ओ 1’ या प्रथिनाची रचना सुगीच्या प्रथिनाशी सुमारे 80 टक्के जुळते. शरीरातील आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडे झाड ओळखत नाहीत, प्रथिनाची घडण ओळखतात; त्यामुळे सुगीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे हिनोकीलाही पकडतात, नाका-डोळ्यांच्या अस्तरातील मास्ट पेशींतून हिस्टामिन हे खाज-सूज आणणारे रसायन सुटते, आणि शिंका, वाहते नाक, डोळ्यांची खाज मे महिन्यापर्यंत लांबते. दम्याच्या रुग्णांना तर श्वासाचाही त्रास वाढू शकतो. तपासणीत दोन्ही झाडांची ॲलर्जी दिसली, तरी ते दोन वेगळे आजार असतीलच असे नाही.

हे संकट बरेचसे माणसानेच लावले, अगदी शब्दशः. दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड डोंगरांवर इमारती लाकडासाठी सुगीची लागवड झाली. आज ती सुमारे 44 लाख हेक्टरांवर आहे. जपानमधल्या निक्को परिसरातील सुगीच्या ॲलर्जीच्या रुग्णांची नोंद 1964 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे 2019 च्या देशव्यापी पाहणीत सुगीच्या ॲलर्जीचे प्रमाण 38.8 टक्के आढळले. ही पाहणी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्यांच्या कुटुंबीयांची होती, हे मात्र ध्यानात ठेवावे.

सुगीच्या परागांचा अर्क जिभेखाली ठेवण्याचा उपचार 2014 पासून तेथे विम्याच्या कक्षेत आहे. त्याने सुगीचा त्रास पुष्कळांना कमी होतो. हिनोकीच्या बाबतीत मात्र गुण अर्धवट येतो, कारण हिनोकीची प्रथिने सुगीसारखी असली, तरी हुबेहूब तीच नाहीत.