आग, हुकूम आणि घरातली भांडणे : सेवाकार्यात टिकायचे कसे

प्रिय श्रोतेहो, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सर्वांना सलाम.

सेवाकार्यात अडचण आली की आपण पाळकांना, नव्या विश्वासणाऱ्यांना, एकमेकांनाही सांगतो, धीर धरा. हे शास्त्राला धरूनच आहे. पण उद्या सकाळी उठून काय करायचे, हे ऐकणाऱ्याला त्यातून कळत नाही. शिवाय प्रत्येक अडचण एका जातीची नसते. छापखाना जळाला तर एक करावे लागते, सरकारी हुकूम आला तर दुसरे, आणि दोष आपलाच असेल तर तिसरेच. अडचण न ओळखता नुसते दात-ओठ आवळून बसलेला माणूस थकतो आणि काम सोडतो. म्हणून आज दोनशे वर्षांपूर्वीच्या काही नोंदलेल्या घटना जवळून पाहू. त्यांचा आपल्या मराठी पवित्र शास्त्राशी थेट संबंध आहे.

बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी सेरामपूर नावाचे गाव आहे. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले श्रीरामपूर वेगळे. सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीने मिशनऱ्यांना केलेला मज्जाव तिथे लागू नव्हता. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघा इंग्रज मिशनऱ्यांनी तिथे छापखाना उभारला. मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत 1805 मध्ये आणि संपूर्ण नवा करार 1811 मध्ये तिथेच छापला गेला. कॅरींना मराठीसाठी नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा मदत करत.

11 मार्च 1812, बुधवार. संध्याकाळी सहाच्या सुमारास छापखान्यात कागद ठेवायच्या भागातून धूर येऊ लागला. इमारत सुमारे दोनशे फूट लांब होती. वॉर्ड आत गेले तेव्हा श्वास घेणे कठीण झाले होते. त्यांनी आधी सगळी दारे-खिडक्या बंद करून घेतली. मग माणसे छपरावर चढली, वरून भोक पाडले आणि आगीच्या जागेवर पाणी ओतायला सुरुवात केली. आत हवा जात नव्हती, त्यामुळे आग तीन-चार तास दबून राहिली. आता विझते असे वाटत असतानाच कोणीतरी एक खिडकी उघडली. त्याचा हेतू मदतीचाच असणार. पण वारा आत शिरला, ज्वाळा भडकल्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर खाली आले.

जळाले काय? हजारभराहून जास्त रिमे कागद, चौदा भाषांचे खिळे (छपाईची धातूची अक्षरे) आणि सर्वात वाईट म्हणजे हस्तलिखिते. त्यांत तेलुगू आणि पंजाबीची व्याकरणे होती, आणि कॅरींनी वर्षानुवर्षे खपून जमवलेला बहुभाषी कोशही होता. त्या हस्तलिखितांची दुसरी प्रत नव्हती. तो कोश पुढे कधीच पुरा झाला नाही. पैशांचे नुकसान साठ-सत्तर हजार रुपयांच्या घरात गेले. कॅरी त्या दिवशी कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायला गेले होते, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमनांनी जाऊन सांगितले.

ढिगारा उपसायला लागल्यावर पोलादी ठसे शाबूत सापडले. हे काय असते ते सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर आहे. जुन्या छापखान्यात एक अक्षर तयार व्हायला तीन पायऱ्या लागत. कारागीर आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरतो, तो ठसा. तो तांब्यावर हाणला की खोलगट साचा मिळतो. त्या साच्यात वितळलेले शिसे ओतले की खिळा पडतो, आणि छपाई खिळ्यांनी होते. एकेका ठशाला कसबी कारागिराचे कित्येक तास जातात. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी ही कामे केली होती. खिळे मात्र साचा हाताशी असला की दिवसाला शेकड्यांनी पडतात. शिसे सव्वातीनशे अंशांच्या आसपास वितळते, पोलादाला दीड हजाराच्या जवळ जावे लागते. त्यामुळे त्या रात्री खिळ्यांचा लगदा झाला, पण ठसे वाचले. शेजारच्या खोलीतली पाच छपाईयंत्रेही वाचली. राखेतून जवळजवळ साडेतीन टन धातू गोळा झाला, तोच पुन्हा ओतला गेला आणि काही आठवड्यांत छपाई सुरू झाली. इंग्लंडला बातमी पोचल्यावर दोन महिन्यांच्या आत नुकसान भरून निघेल एवढी वर्गणी जमली.

त्यानंतरच्या रविवारी कॅरींनी स्तोत्र 46 मधल्या दहाव्या वचनावर उपदेश केला : शांत व्हा, मी देव आहे हे जाणा. सोमवारी सगळे पुन्हा कामाला लागले. या दोन्ही गोष्टी एकत्रच धरायला हव्यात. आपल्याकडे कधी नुसता उपदेश होतो, कधी नुसती धावपळ.

आता आपल्या मंडळीकडे या. तुमच्या सेवाकार्यातले ठसे कोणते आणि खिळे कोणते? ध्वनिक्षेपक, खुर्च्या, भाड्याचा हॉल हे खिळे. गेले तर दुःख होते, पण पुन्हा मिळतात. बाप्तिस्म्याची नोंदवही, लग्नाची नोंदवही, जागेची कागदपत्रे, शिकवून तयार केलेली दोन-चार माणसे हे ठसे. नोंदवहीची छायाप्रत दुसऱ्या गावातल्या विश्वासू घरी असू द्या आणि दर वर्षअखेरीला ती नवी करा. उपासना चालवू शकणारा एकच माणूस मंडळीत असेल, तर तो आजारी पडला किंवा त्याची बदली झाली की मंडळी थांबते. त्याला प्रत्येक महिन्यातला एक रविवार सक्तीने मागे बसवा आणि दुसऱ्याला पुढे करा.

आता एक अवघड गोष्ट. 1807 मध्ये सेरामपूरच्या छापखान्यातून फारसी भाषेतली एक पत्रिका बाहेर पडली. तिच्यात मुहंमद पैगंबरांविषयी अपमानाचे शब्द होते. भाषांतर करणाऱ्याने ते घातले होते आणि मिशनऱ्यांनी छापण्याआधी मजकूर नीट तपासला नव्हता. आदल्याच वर्षी वेल्लोरला शिपायांचा उठाव झाला होता, त्यामुळे सरकार धास्तावलेले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटोंच्या सरकारने हुकूम काढला की छापखाना कलकत्त्याला आमच्या नजरेखाली आणा. कॅरी आणि सहकाऱ्यांनी या हुकमाला छळ म्हटले नाही. चूक कबूल केली, खेद कळवला, आणि छापखाना हलवला तर काम कसे बुडेल हे नम्रपणे मांडले. हुकूम मागे घेतला गेला.

पेत्राने पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हेच वेगळे करून दाखवले आहे. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर लाज वाटू देऊ नका, पण वाईट करणारा किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख सोसू नये. तेव्हा विरोध झाला की पहिल्या संध्याकाळी बसून हे तपासा. आपल्यापैकी कोणी दुसऱ्याच्या देवदेवतांची टिंगल केली का? आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना औषध बंद करायला सांगितले का? शिलाई मशीन, शाळेची फी, नोकरी असे काही विश्वासाशी जोडून बोलले गेले का? रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपक चालला का? एकाचे जरी उत्तर हो आले, तरी आधी त्या घरी जाऊन माफी मागा. त्यासाठी उपास-प्रार्थनेचा आठवडा संपायची वाट पाहू नका. आणि कोणतेही पत्रक छापायचे असेल तर दोघांनी वाचल्याशिवाय ते छापखान्यात जाऊ नये. त्यांतला एक जण लिहिणाऱ्याचा मित्र नसलेला बरा.

दोष आपला नसतो असेही होतेच, आणि तेव्हा मार्ग निराळा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. कलकत्त्याहून त्यांच्यामागे हुकूम आला की या लोकांना परत पाठवा. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात तेव्हा युद्ध चालू होते, म्हणजे हे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरत होते. दोघांनी आधी गुपचूप कोचीनमार्गे निसटायचा प्रयत्न केला. तो अंगाशी आला, त्यांना परत मुंबईला आणले गेले, आणि त्यांच्याशी सहानुभूतीने वागणारे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांची मात्र पंचाईत झाली. मग हॉल यांनी सरळ मार्ग धरला. त्यांनी गव्हर्नरांना लेखी अर्ज केला आणि राजाज्ञेपुढे देवाची आज्ञा का मोठी मानतो, हे न चिडता मांडले. शेवटी राहण्याची मुभा मिळाली.

या अनिश्चित महिन्यांत जहाज कधी येईल आणि आपल्याला कधी चढवले जाईल हे माहीत नसताना ते मराठी शिकत होते. त्यांच्या जिद्दीतले मला सर्वात मोलाचे हेच वाटते. नॉट प्रकृतीमुळे 1815 मध्ये परतले. हॉल राहिले. सेरामपूरची मराठी मुंबईच्या वाचकाला परकी वाटते हे लक्षात आल्यावर या मिशनने नवे भाषांतर हाती घेतले. 20 मार्च 1826 रोजी नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीच्या साथीत हॉल वारले, आणि त्याच वर्षी तो नवा करार पुरा छापून झाला.

पौलानेही फिलिप्पैत आणि यरुशलेमेत आपले रोमी नागरिकत्व बोलून दाखवले होते. हक्क सांगणे म्हणजे अविश्वास नाही. भारतीय संविधानाचे 25 वे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. मात्र प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले आहे. हे दोन्ही माहीत असू द्या. चौकशीला कोणी आले तर एकाच ठरलेल्या माणसाने बोलावे, आवाज न चढवता. तारीख, वेळ, कोण आले, काय म्हणाले, हे त्याच रात्री लिहून ठेवावे. कागद दिला तर पोच घ्यावी. न वाचता सही करू नये. समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकण्याआधी वकिलाला विचारावे, कारण एकदा पसरलेली चित्रफीत मागे घेता येत नाही आणि तिच्यात दिसणाऱ्या नव्या विश्वासणाऱ्यांची घरे उघडी पडतात.

विरोधाचा खरा भार कोणावर पडतो, याचा विचार पाळकांनी करायलाच हवा. कॅरींना पहिला बंगाली विश्वासणारा मिळायला सात वर्षे लागली. सुतार कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा 28 डिसेंबर 1800 रोजी हुगळी नदीत झाला. त्याआधीच, त्यांनी मिशनऱ्यांबरोबर जेवण घेतल्याचे कळताच जमावाने त्यांना ओढत न्यायाधीशापुढे नेले होते. मिशनऱ्यांना कोणी हात लावला नव्हता. आपल्याकडे नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधली पाच वर्षे दोघांनाही किती जड गेली असतील! घरातला विरोध वादात जिंकून संपत नाही. ज्याच्या घरी असा ताण आहे त्याच्याकडून बाप्तिस्म्याची तारीख घाईने घेऊ नका. त्याला आईवडिलांच्या आजारपणात, शेतीच्या कामात आधीपेक्षा जास्त वेळ द्यायला सांगा. आणि सेवाकार्याच्या नावाखाली स्वतःच्या घराकडेही पाठ फिरवू नका. कॅरींचा मुलगा पीटर 1794 मध्ये हगवणीने गेला, पत्नी डोरोथी यांचे मानसिक संतुलन पुढे कधीच सावरले नाही. कॅरींच्या कामाबद्दल आदर ठेवूनही हे बोलले पाहिजे. डोरोथींनी जे सोसले ते आपण उपदेशांत फार लवकर ओलांडून जातो.

सेरामपूरच्या कामाला मोठी चीर पडली ती आतून. आग लागून गेली, हुकूम येऊन गेले, काम चालले. पण इंग्लंडमधल्या मातृसंस्थेचे चिटणीस अँड्र्यू फुलर 1815 मध्ये वारल्यावर मालमत्तेचा ताबा कोणाचा, यावरून संस्था आणि सेरामपूर यांच्यात संशय वाढत गेला, आणि 1827 मध्ये दोघे वेगळे झाले. नहेम्याच्या पुस्तकातही असेच आहे. चौथ्या अध्यायात शत्रू बाहेर उभे आहेत, पाचव्यात भाऊच भावाकडून व्याज घेतो आहे.

कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांमध्ये मात्र शेवटपर्यंत फूट पडली नाही. त्यांची व्यवस्था साधी होती. कमाई सामाईक थैलीत जायची, कॅरींचा कॉलेजातला पगारही. 1805 मध्ये त्यांनी अकरा कलमांचा करार लिहिला आणि तो जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रत्येक ठाण्यावर मोठ्याने वाचायचे ठरवले. आणि सुरुवातीपासून शनिवारची संध्याकाळ आठवड्यातले मतभेद मिटवण्यासाठी राखून ठेवली.

ही शनिवारची बैठक कोणत्याही मंडळीला या आठवड्यापासून करता येईल. पाळक, वडीलजन आणि हिशेब पाहणारा, एवढीच माणसे असावीत. पाऊण तास पुरे. आधी स्तोत्र वाचा, मग आठवड्याचे दान आणि खर्च वहीतून मोठ्याने वाचून दोघांच्या सह्या घ्या, कारण बहुतेक कुरबुरी पैशांपाशीच सुरू होतात. मग प्रत्येकाने समोरच्यालाच उद्देशून बोलावे, गैरहजर माणसाबद्दल नाही. उत्तर देणाऱ्याने आधी ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे. न मिटलेली गोष्ट तारीख घालून पुढच्या शनिवारी घ्या. तिसऱ्या शनिवारीही ती तशीच राहिली, तर शेजारच्या मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बोलवा. आणि रविवारी प्रभुभोजनाच्या मेजाजवळ एकत्र उभे राहण्याआधी, शनिवारी रात्रीच एकमेकांचे हात धरून प्रार्थना करा.