आदेशातले दोन शब्द

(दृश्य: सिव्हिल लाइन्स, हायकोर्टाचा घुमट)

नागपूर हायकोर्टाची ही इमारत जानेवारी १९४० मध्ये उघडली, तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होऊन चार महिने झाले होते. भारत संरक्षण नियमांतला नियम १२९ पोलिसाला वॉरंटशिवाय माणूस उचलू देत होता. अट एवढीच, की संशय ‘वाजवी’ हवा.

पण वाजवी की नाही, हे ठरवणार कोण? १९४१ मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनी, म्हणजे तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, असल्याच शब्दांवर निकाल दिला, की मंत्र्याला वाटलं म्हणजे झालं. लॉर्ड अ‍ॅटकिन एकटेच विरोधात गेले. नागपूर हायकोर्टाने मात्र विमलाबाई देशपांडे प्रकरणात संशयाला आधार काय होता, हे दाखवायचं ओझं पोलिसांवरच टाकलं. सरकार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेलं. १९४६ मध्ये तिथेही नागपूरचंच म्हणणं टिकलं.

युद्धकाळात ‘हा माणूस धोकादायक आहे का’ या प्रश्नात कोर्ट सहसा शिरत नाही. ते कागद वाचतं. आदेश कोणत्या नियमाखाली काढला? सही करणाऱ्याला तो अधिकार होता का? आदेशातली कारणं नियमाच्या शब्दांत बसतात का? हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ‘डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा’ असा अर्ज बहुधा इथेच जिंकला किंवा हरला जातो.

(दृश्य: टाइप केलेला स्थानबद्धता आदेश, एका ओळीखाली बोट)

ही ओळ पाहा. १९६५ मध्ये पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी राममनोहर लोहियांना स्थानबद्ध करताना ‘सार्वजनिक सुरक्षितता’ आणि ‘कायदा व सुव्यवस्था’ अशी कारणं लिहिली. भारत संरक्षण नियमांतल्या नियम ३० मध्ये शब्द होते ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. फरक किरकोळ वाटतो, पण नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला, म्हणजे एके काळचे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, यांनी एकात एक तीन वर्तुळं कल्पिली. सर्वांत मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्यात सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सर्वांत आत, सर्वांत लहान, राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन दारुड्यांची मारामारी पहिल्या वर्तुळात येते, दुसऱ्यात येईलच असं नाही. एक कारण नियमाबाहेरचं निघालं आणि अख्खा आदेश कोसळला.

निकालाची तारीख ७ सप्टेंबर १९६५. आदल्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली होती. आणि त्याच ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने प्रभाकर संझगिरींचा निकाल दिला. त्यांनी स्थानबद्धतेत अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिलं होतं. सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देत नव्हतं. कोर्टाने विचारलं, कोणत्या नियमाने अडवता? असा नियम नव्हता. पुस्तक सुटलं, लेखक आतच राहिला.

१९६५ चे हे दोन्ही निकाल शक्य झाले ते चीन युद्धाच्या आणीबाणीत काढलेल्या राष्ट्रपतींच्या ३ नोव्हेंबर १९६२ च्या आदेशातल्या एका अटीमुळे. माणूस ‘भारत संरक्षण कायद्याखाली’ डांबलेला असेल, तरच त्याला मूलभूत हक्कांसाठी कोर्टाचं दार बंद. मग आदेश त्या कायद्यात बसत नाही, किंवा दुष्ट हेतूने काढलाय, हे म्हणायला फट उरली. २७ जून १९७५ च्या आदेशात ही अटच नव्हती. त्या वेळी युद्ध नव्हतं, तरी १९७१ च्या युद्धात पुकारलेली आणीबाणी उठलेली नव्हती. तिच्यावर अंतर्गत आणीबाणीचा दुसरा थर चढवला गेला.

तरीही मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठासह अनेक हायकोर्टांनी अर्ज ऐकून घेतले. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार लावून टाकलं. विरोधातलं एक मत न्यायमूर्ती खन्नांचं होतं.

(दृश्य: राज्यघटनेचं उघडं पान, अनुच्छेद ३५९)

४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही अनुच्छेद २० (गुन्हा आणि शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) साठी कोर्टात जाण्याचा हक्क थांबवता येत नाही. त्या यादीत २२ मात्र नाही. आणि आपल्याला का पकडलं, ते सांगा, असं स्थानबद्ध माणूस ज्याच्या जोरावर विचारतो, तो अनुच्छेद हाच.