फेरी सुटते तेव्हा

जुलैतली सकाळ, गोव्यातल्या नार्वे गावातला फेरीबोटीचा धक्का. पाऊस आत्ताच थांबलाय, नदीपलीकडचं दिवाडी बेट नुसतं धूसर दिसतंय.

ही माझी आत्या. दिवाडीला प्राथमिक शाळेत शिकवायची, रिटायर होईपर्यंत रोज ह्याच फेरीने येणं-जाणं. आज तिचा फोटो काढायचाय, आणि बघणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे की ह्या बाईची फेरी आता तिच्याशिवाय सुटते.

आधी मला वाटायचं मूडी फोटो म्हणजे घरी येऊन एडिटिंगमध्ये सगळं काळं करून टाकायचं. नाही हो, मूड उजेडात असतो. ढगाळ दिवशी उजेड मऊ असतो हे खरं, पण तो येतो डोक्यावरून, मग भुवयांखाली सावली पडते आणि डोळे विझल्यासारखे दिसतात, आणि डोळेच गेले तर गोष्ट कुठली राहणार? म्हणून तिला शेडच्या अगदी कडेला उभं केलंय, वरचा उजेड पत्र्याने अडवला, आता तो फक्त नदीकडून येतोय, एका गालावर. दुसरा गाल हळूहळू अंधारात जातो. बघा, किती सुरेख.

८५ एमएम लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) २.८, एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, नाहीतर आभाळ पांढरंफट्ट होतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला तर हा निळसर करडा रंग जाऊ शकतो, म्हणून डेलाइटवर.

हातात काय घ्यायचं यावरून आमचं थोडं वाजलं. तिला नवी पर्स हवी होती, मी म्हटलं तुझी शाळेची काळी छत्री घे. "काडी मोडलीय रे तिची." मोडलेलीच हवी, आत्या.

ह्याच गावात सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. देवाचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पाडलं गेल्यावर देव नदी ओलांडून इकडे आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आत्या हे मुलांना दरवर्षी सांगायची. आत्ताही सांगतेय, मला, आणि सांगता सांगता कॅमेरा विसरलीय. मी काही बोलत नाही. पोज दे, हस, इकडे बघ, यातलं काहीच नाही.

फेरी लागली. माणसं चढली, स्कूटर चढल्या. ती जागची हलली नाही, छत्रीची मूठ मात्र घट्ट धरली.

फेरी सुटली. मध्ये काळ्या पाण्याची पट्टी रुंद होत गेली, आणि फेरीवरून एका खलाशाने हाक मारली, "बाई, येत नाही?" तिचा जुना विद्यार्थी. तिने छत्रीसकट हात वर केला.

क्लिक.